दादाला काय उतरेल

आमच्या बार्शीकडं मटण करताना आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते नुसतं शिजवून घेतात आणि तिखट-मसाला पडायच्या आत त्यातलं वाटीभर पाणी बाजूला काढतात. ही अळणी. लहान मुलांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्या माणसाला ती द्यायची पद्धत आहे. माझ्या मोठ्या भावाला तोंडाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, आणि पुढच्या शेकासाठी तो वहिनींबरोबर आमच्या डोंबिवलीच्या घरी राहायला आला, तेव्हा मी त्याला अळणी द्यायला सुरुवात केली. कधी मटणाची, कधी कोंबडीची, तर कधी पायाची. वर तुपाचा थेंब. मटणाचे तुकडे तोंड आलेल्या माणसाला चावणार कसे, म्हणून ते रश्श्यात घालून आम्ही बाकीची माणसं खायचो. दादाला पाणी आणि आम्हाला मांस, अशी वाटणी मी कितीतरी दिवस मनापासून करत होते. जोडीला मुगाचं वरचं पाणी, तांदळाची पेज, भाज्यांचं गाळलेलं सूप. दिवसभर त्याच्या हातात कसली ना कसली वाटी असायचीच.

त्याचं वजन घसरत चाललं होतं. मला वाटायचं, हा रोगच माणसाला आतून खातो, त्याला आपण काय करणार. शेवटी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून दादा आदल्या दिवशी काय काय प्यायला ते वाटीगणिक लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी हिशेब केला. असे उपचार चालू असलेल्या माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. उष्मांक किलोमागं पंचवीस ते तीस. माझ्या सगळ्या वाट्या मिळून त्यातला लहानसा हिस्साच भरत होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही देताय ते चांगलंच आहे. पण ते पाणी आहे. डाळ खाली राहते, मटण तुमच्या ताटात जातं, आणि पेशंटचं पोट पाण्यानं भरतं. मग खाण्याला जागा कुठं उरते?"

मी बरीच वर्षं डबे देत आले आहे. घरात आणि सोसायटीत माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. त्यामुळं दादाची जबाबदारी आली तेव्हा मला वाटलं होतं की निदान खाण्यापुरतं तरी त्याला काही कमी पडणार नाही. ते तसं झालं नाही. दादाच्या उपचारात स्वयंपाकाच्या ज्या चुका झाल्या, त्यातल्या बहुतेक मला स्वयंपाक येतो या भरवशावर झाल्या. तोंड त्याचं होतं आणि विचारत मी माझ्या मनाला होते. आमच्याकडं तंबाखू, मशेरी, गुटखा या सगळ्यांनी तोंडाचे कर्करोग इतके केलेत की दादासारखा माणूस आज गावोगावी आहे आणि त्याच्यासाठी कुणीतरी चुलीपाशी उभं आहे. म्हणून हे सगळं सविस्तर सांगते.

आधी शेकाबद्दल. किरणोपचाराला आमच्याकडं शेक म्हणतात, कुणी 'लाइट देणं' म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच देतात, दुखत काही नाही, त्यामुळं पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यांना हायसं वाटतं. दादा लोकलनं जायचा, यायचा, भात-आमटी जेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून लाल होतं, मग सोलवटतं, पांढरे चट्टे येतात. लाळेच्या ग्रंथींवर किरण पडले की लाळ आधी घट्ट, चिकट होते आणि मग आटते. चव जाते. हे सगळं होणारच असतं, डॉक्टरांनी आधी सांगितलेलंही असतं. पण तोंड चांगलं असताना ते ऐकू येत नाही. खरं तर त्याच आठवड्यात भरपूर खाऊन घ्यायला हवं असतं. तो पहिला आठवडा मी वाया घालवला, आणि त्याला कारण झाली साखर.

नात्यातल्या एकांनी फोन करून सांगितलं होतं की कर्करोगाच्या गाठीचं अन्न साखर, साखर तोडली की गाठ उपाशी मरते. दादाचा पेट स्कॅन झाला तेव्हा त्याला उपाशीपोटी बोलावलं होतं आणि साखरेसारखंच एक किरणोत्सारी द्रव्य टोचलं होतं, ते गाठीत जाऊन चमकतं. ते पाहिल्यावर माझी खात्रीच पटली. मी चहातली साखर बंद केली, गूळ बंद केला, केळी-चिकू बंद केले, दूधही 'नको बाई' म्हणून कमी केलं. वहिनी एकदा दबकत म्हणाल्या, "वन्सं, त्यांना चहा तरी गोड द्या. त्यानं चार बिस्किटं पोटात जातात." मी त्यांनाच फोनवरचं सगळं समजावून सांगितलं.

पुढं डॉक्टरांना विचारलं तेव्हा खुलासा झाला. गाठीच्या पेशी साखर जास्त ओढून घेतात हे खरं आहे. पुढं १९३१ साली नोबेल मिळालेल्या ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं ते शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. पण शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते, आणि आपण गोड खाल्लं नाही तरी शरीर भातातून, भाकरीतून, शेवटी स्वतःच्या स्नायूंमधून साखर तयार करून रक्तात सोडतच राहतं. गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, दादाला तो नव्हता. ज्या दिवसांत त्याला दुधातली खीर, शिरा, खारकेचं दूध सहज गिळता आलं असतं, त्याच दिवसांत मी ते त्याच्यापासून तोडलं. त्याच भरात लक्ष्मणफळाचा गरही आणला होता आणि गव्हांकुराचा कच्चा रसही. लक्ष्मणफळाचा माणसांच्या कर्करोगावर उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि केमो चालू असताना कच्चा, न उकळलेला रस देणं म्हणजे जंतूंना घरात बोलावणं. ते मात्र डॉक्टरांच्या कानावर घातल्यामुळं वेळेत थांबलं.

शेकाबरोबर दादाला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाइनही होती. या औषधानं मळमळ फार होते, त्याच दिवशी होते आणि पुढं दोन-चार दिवसही राहते. पहिल्या केमोच्या दिवशी मी पहाटे उठून शेंगापोळ्या केल्या. सोलापूर-बार्शीच्या माणसाला शेंगापोळी काय असते हे सांगायला नको. दादाचा तर त्यावर लहानपणापासून जीव. दुधात कुस्करून, वर सढळ तूप घालून मी ती त्याला खाऊ घातली, अंगात ताकद राहावी म्हणून. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. त्यानंतर शेंगापोळीचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा बदलायचा. तेवढ्यावरही थांबलं असतं तर चाललं असतं, पण पुढं त्याला दाण्याच्या कुटाचा वासही सोसेना. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दाण्याची पातळ, गुळगुळीत, बिनतिखटाची आमटी त्याच्या तोंडाला चालली असती, त्याच्या आवडीचीही होती. एका पोळीपायी आम्ही सगळे शेंगदाणेच घालवून बसलो.

हे असं होतं याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत इलीन बर्नस्टीन या संशोधिकेनं केमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं, आणि नंतर ती मुलं नेमकं तेच आइस्क्रीम नाकारायला लागली. १९७८ साली तिनं ते प्रसिद्ध केलं. मळमळीचा दोष शरीर त्या पदार्थावर टाकतं. औषधामुळं होतंय हे डोक्याला कळत असलं तरी जिभेला ते पटत नाही. म्हणून केमोच्या दिवशी आवडीचं काही करू नये. मऊ खिचडी, टोस्ट, इडली, असं काहीतरी साधं द्यावं, जे नंतर नावडतं झालं तरी चालेल. हे मला कळलं तेव्हा पुरणपोळी आणि मुगाची खिचडी तेवढी वाचली होती.

वासाचं मला फार उशिरा उमगलं. मी फोडणी घातली की दादा खिडकीत जाऊन उभा राहायचा. मला वाटायचं हवा खातोय. लसूण, हिंग, तापलेलं तेल, कुकरची वाफ, या सगळ्यानं त्याचं पोट ढवळायचं आणि ताट समोर येईपर्यंत त्याची खाण्याची इच्छा मेलेली असायची. नंतर आम्ही तो शेकाला गेल्यावर स्वयंपाक उरकायला लागलो. गरम पदार्थाला वास जास्त येतो, कोमट झाला की कमी होतो. कोमट पदार्थ सोललेल्या तोंडालाही झोंबत नाही. इतकी वर्षं गरमागरम वाढणं हाच मी पाहुणचार मानत आले होते.

झोंबण्याचं म्हणाल तर तिखट बंद करायचं हे सगळ्यांनाच कळतं. आंबट कळत नाही. टोमॅटो, लिंबू, आमसूल, ताक, संत्री, यातल्या प्रत्येकानं दादाच्या डोळ्यात पाणी आणलं. ज्वारीची आंबील मी आरोग्याची म्हणून केली, त्यानं एक चमचा तोंडात घेतला आणि वाटी हळूच सरकवून ठेवली. मीठसुद्धा जपून लागतं. भाताचं शीत कोरडं असेल तर ते घशाला चिकटतं, टोस्टची कड लागते, साबुदाणा त्या घट्ट लाळेत अडकतो.

आणि तरीही मी त्याला आग्रह करत होते. मला आजही सर्वांत जास्त टोचणी आहे ती या चुकीची. "दादा, दोन घास तरी. माझ्यासाठी." मी वाटी घेऊन समोर बसायची आणि संपेपर्यंत उठायची नाही. त्यानं नको म्हटलं की माझा चेहरा उतरायचा, आणि तो उतरलेला त्याला दिसायचा. मग तो माझ्या समाधानासाठी गिळायचा. एकदा गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीतून आंबट वास यायला लागला. माती उकरली तर त्यात खीर होती. मला राग आला. मी त्याच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मी पहाटे पाचला उठते ती कुणासाठी?" वहिनी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दादाला तेव्हा बोलायलाही त्रास व्हायचा, तरी तो थांबत थांबत बोलला. "भूक लागते गं मला. पण गिळताना काचा गिळल्यासारखं होतं. तू समोर बसलीस की ते तुला दिसू द्यायचं नसतं मला."

म्हणजे वेदना सोसण्याच्या जोडीला ती माझ्यापासून लपवण्याचंही काम मी त्याला लावलं होतं.

त्या दिवसानंतर मी स्वयंपाकघर वहिनींच्या हाती दिलं. तेही मी आल्या दिवसापासून त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. त्या गावाकडच्या, मुंबईच्या गॅसवर बावरलेल्या, आणि मी म्हणत होते तुम्ही बसा, दमला असाल. त्या रोज सकाळी दादाला एकच विचारायच्या, "आज काय उतरंल?" तो बोटानं, मानेनं सांगायचा. कालचं आज चालेलच असं त्या कधी धरून चालल्या नाहीत. ज्वारीच्या कण्या त्या दुधात इतक्या मऊ शिजवायच्या की डाव नुसता उचलला तरी धार लागायची. भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग कोमट दुधात तासभर भिजवून काला करायच्या. हुलग्याचं माडगं करायच्या, पण पीठ गाळून, बिनमिरचीचं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं त्यांनी माझ्याआधी उचललं. दुधात दूध पावडर मिसळली की तेवढ्याच वाटीत प्रथिनं वाढतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, ते दुधात फेटून वाफवलं की घट्ट, गुळगुळीत होतं आणि पूर्ण शिजतंही. मुगाची डाळ पाणी न काढता सगळीच घोटायची. चमचाभर तुपात पंचेचाळीस उष्मांक असतात, म्हणून प्रत्येक वाटीत तूप. आणि ती अळणी? त्यांनी त्यात मऊ शिजलेला खिमा मिक्सरमधून काढून घातला. दादा आता मटण खरोखर खात होता.

जेवायच्या थोडं आधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं औषध तोंडात फिरवायचं, जेवण झालं की मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळणी, ही शिस्तही त्यांनीच लावली. दोन-दोन तासांनी अर्धी वाटी. कुणी समोर बसायचं नाही. वाटी उष्टी परत आली तर नुसती उचलून न्यायची.

तरीही चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंडानं पुरेसं जाईना. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं सुचवलं. मी हात जोडून थोडे दिवस मागितले. नळी म्हणजे आपण हरलो, नळी लागलेला माणूस पुन्हा जेवत नाही, असं काहीतरी माझ्या मनात पक्कं बसलं होतं, आणि माझी भीती दादालाही लागली. त्या दिवसांत त्याचं वजन आणखी उतरलं. शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बेतलेला एक जाळीदार मुखवटा बसवतात. गाल बसले तसा तो सैल पडला. सैल मुखवट्यात डोकं जागचं हलू शकतं, मग किरण नेमके कुठं पडणार याचा भरवसा राहत नाही. मुखवटा नव्यानं करावा लागला आणि पुन्हा सगळं मोजमाप झालं. वजनाचा संबंध ताकदीपुरता नाही, थेट उपचाराशी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सिस्प्लॅटिनमुळं पाणीही भरपूर जावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि दादाला पाण्याचा घोटही जड झाला होता.

त्याचं मन वळवलं ते हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर भेटलेल्या एका कुटुंबानं. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून परळला उपचारासाठी दूरदूरची माणसं येतात. हे नवरा-बायको यवतमाळकडचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले. नवऱ्याच्या नाकात नळी होती आणि तो पेपर वाचत बसला होता. वेळ झाली तशी त्यानं स्वतःच पिचकारी लावली, बायकोनं पातळ खिचडी ओतली, वरून पाणी सोडलं, नळीचं बूच लावलं आणि पेपर पुढं वाचायला घेतला. बायको आम्हाला म्हणाली, "तोंडाले सुट्टी देली जी. वजन थांबलं." दादा उठून त्या माणसाशेजारी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून नळी घालून घेतली.

नळीचं खाणं हा वेगळाच स्वयंपाक आहे, आणि त्यातही मी चुकले. मिक्सरमधून काढलेलं सगळं चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायचं, एका वेळी दोनशे ते अडीचशे मिली, पेशंटला बसवून, हळूहळू, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. आधी आणि नंतर नळीतून स्वच्छ पाणी सोडायचं. एका संध्याकाळी मी नाचणीचं सत्त्व केलं. गरम असताना पातळ होतं म्हणून गाळलं नाही. नाचणी निवताना घट्ट होते हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, आयुष्यभर केलीय. नळी तुंबली. ती काढून दुसरी घालताना दादानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

त्याहून मोठी चूक उन्हाळ्यातली. नंबर लागेपर्यंत परळला तासन् तास जायचे, म्हणून मी सकाळीच दिवसभराचं दुधाचं मिश्रण करून थर्मासमध्ये भरून द्यायची. कोमट दूध तासन् तास कोमटच ठेवणं म्हणजे त्यात जंतू वाढवणं. ते एकतर चांगलं गार ठेवावं नाहीतर ताजं करावं. केमोमुळं दादाच्या पांढऱ्या पेशी त्या आठवड्यात उतरलेल्या होत्या. त्याला जुलाब सुरू झाले, रात्री ताप चढला. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं, हे कागदावर लिहून दिलेलं होतं. वहिनींनी तो कागद फ्रिजवर लावला होता म्हणून आम्ही रात्रीच निघालो. सलाइनमधून प्रतिजैविकं द्यावी लागली आणि काही दिवस शेक थांबला. नेमकं कशानं झालं ते कुणी ठामपणे सांगितलं नाही. माझं बोट मात्र त्या थर्मासवर आहे. पुढं आम्ही घरून दूध पावडर, उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ भांडं न्यायला लागलो, आणि जागेवर ताजं कालवायला लागलो.

शेवटचा शेक झाला त्या रविवारी मी नातेवाईकांना जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा, भाकरी, गुलाबजाम. मला वाटलं, संपलं एकदाचं. शेक संपला तरी तोंड लगेच बरं होत नाही, उलट पहिले एक-दोन आठवडे दुखणं जास्तच असतं, जखमा भरायला त्यापुढं काही आठवडे जातात. घरभर रश्श्याचा वास, हॉलमध्ये पंगत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो आतल्या खोलीत नाकात नळी घेऊन दार लावून बसलेला. वहिनी जेवल्या नाहीत. मी वाढत राहिले.

आता दादा बार्शीला आहे. नळी निघून बराच काळ झाला. चव हळूहळू आली, आधी गोड कळायला लागलं, बाकीच्या चवी मागाहून, काही महिन्यांच्या अंतरानं. लाळ पूर्वीइतकी आलेली नाही, त्यामुळं पाण्याची बाटली सतत जवळ असते आणि भाकरी आमटीत चुरून, भिजवून घ्यावी लागते. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात म्हणून दंतवैद्याकडं नेमानं जातो. जबडा आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम अजून करतो. तिखट झोंबतं. शेंगदाणे त्यानं परत खाल्ले, पण शेंगापोळी नाही. तपासणीला ठरल्या तारखेला येतो, तेव्हा आमच्याकडंच उतरतो, आणि आता मीही सकाळी आधी विचारते.

तुमच्या घरात कुणाचा असा उपचार सुरू होणार असेल, तर तोंड चांगलं असतानाच, पहिल्याच आठवड्यात, आहारतज्ज्ञांना भेटून घ्या. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा, दोन आठवडे सलग उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. कुणी काही औषधी फळ, रस, पूड आणून दिली तर ती देण्याआधी त्यांना दाखवा. आणि नळीचा विषय डॉक्टरांनी काढला, तर माझ्यासारखे हात जोडून दिवस मागू नका.